मुराळी निघाला जाकीट घालून

सुरक्षेच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस अख्ख्या जुन्नर तालुक्यात सापडायचा नाही! हे मी म्हणत नाही, चाकणच्या आमच्या कंपनीनं मला दिलेली स्टीलची परात म्हणते. 'सुरक्षा सप्ताह, प्रथम क्रमांक, श्री. गोरख' असं तिच्यावर कोरलेलं आहे. त्या परातीत आता बायको कणीक मळते, ही गोष्ट वेगळी. पण घासूनपुसून अक्षरं अजून दिसतात!

मोटारसायकलवरून दळण आणायला निघालो तरी मी हेल्मेट घालतो. गिरणीवाला मला 'या पायलट' म्हणतो. म्हणू दे! उद्या त्याच्या डोक्यावर गव्हाचं पोतं पडेल तेव्हा त्याला माझी आठवण येईल.

आणि ज्यांना माझी किंमत नाही, त्यांनी बिबट्याचे दिवस आठवावेत. दोन हजार सालानंतरची ती दोन-चार वर्षं आमच्या येडगावच्या पट्ट्यात बिबट्यांनी नुसता उच्छाद मांडला होता. ऊस म्हणजे त्यांना मिळालेली बिनभाड्याची खोली! गावसभेत सगळे एकदम ओरडत होते. शेवटी मी उठलो आणि एकच शब्द बोललो. "शिट्टी!" सभा गप्प! मग मी नियम सांगितले. लांब शिट्टी ऐकू आली की पोरंबाळं उचलायची, घरात शिरायचं, कडी घालायची आणि खिडकीतून फटाके फेकायचे. शिट्टी कोण वाजवतंय हे बघायला कुणीही थांबायचं नाही. हा शेवटचा नियम खास माझा. त्याची मी गावाकडून इतकी तालीम करून घेतली, की शाळेत पीटीच्या मास्तरांनी शिट्टी फुंकली तर सगळी शाळा वर्गात आणि मास्तर एकटेच मैदानात!

ही शिट्टी लक्षात ठेवा. मी विसरलो होतो.

तर माझी बायको साळुबाई. तिचं माहेर पाण्यात आहे. म्हणजे खरोखरच पाण्यात! येडगावच्या धरणाचं पाणी चढलं तेव्हा ती परकरातली पोर होती. मळा गेला, विहीर गेली, घर गेलं. बांधावरची चिंच तेवढी राहिली, कारण ती उंचवट्यावर होती. धरण भरलं की त्या उंचवट्याचं बेट होतं आणि चिंच त्यावर एकटी उभी असते. माझे सासरे सावळाराम शिरूरकडं मिळालेल्या जमिनीवर गेले आणि तिथंच वारले. मेव्हणा भोसरीला एका खोलीत राहतो. त्या खोलीत पंख्याला हूक नाही, तो बहिणीला पंचमीचा झोका कुठं बांधणार?

नागपंचमी आली की आमच्या आळीतल्या सुनांना न्यायला त्यांच्या माहेरून मुराळी येतात. कुणाचा भाऊ, कुणाचा भाचा. लेकी माहेरी येतात, सुना माहेरी जातात, आणि देवळापुढच्या पिंपळाचा झोका दिवसभर थांबत नाही. साळूला न्यायला कुणी येत नाही. ती सगळ्यांच्या पिशव्या भरून देते, पुरणाची दिंडं उकडते आणि दुपार कलली की मागच्या दारी जाऊन पाण्याकडं बघत बसते. आमच्या मागच्या दारातून ती चिंच दिसते, हेच वाईट आहे. माहेर लांब असतं तर थोडाफार विसर तरी पडला असता.

एकदा मी विचारलं, "काय बघतीस एवढं?"

"झोका," ती म्हणाली. "दादानं त्या आडव्या फांदीला बांधलेला. दोर न्हाई, पाट न्हाई, पण मला तर हलताना दिसतो बघा."

मी उठून गॅसची नळी तपासली.

पण ते मनातून जाईना. लग्नाला इतकी वर्षं झाली, साळूनं माझ्याकडं साडी मागितली नाही, सोन्याचा डाग मागितला नाही. आणि जे तिला हवं होतं ते मागच्या दारातून रोज दिसत होतं! त्या श्रावणात मी छाती ठोकून जाहीर केलं, "साळू, यंदा तुझा मुराळी मी!"

"इश्श! नवरा कुठं मुराळी असतो व्हय?"

"यंदापासून असतो. होडीनं नेतो, चिंचेला झोका बांधतो, तुला बसवतो आणि दिवेलागणीच्या आत परत आणतो!"

ती थोड्या वेळानं आत गेली आणि कोठीच्या तळातून एक नवंकोरं चऱ्हाट घेऊन आली. चांगलं जाड, पिवळंधमक. झोक्यासाठी तिनं ते कधीचं घेऊन ठेवलं होतं आणि मला पत्ताही नव्हता!

होडी मिळाली मासेवाल्या रखमाजीची. "न्या की भाऊ," तो म्हणाला. "मला न्हाई यायचं, लेक आलीया माज्या घरी. वल्ही मारता येत्यात न्हवं?"

"पाण्याच्या काठी जन्म गेला माझा!"

"काठीच गेला, त्येच म्हनतो मी," रखमाजी पुटपुटला. मी लक्ष दिलं नाही. माझ्या डोक्यात सुरक्षा सुरू झाली होती! हौसेनं होडीत बसणारी माणसं का बुडतात? अत्यावश्यक साधनं जवळ नसतात म्हणून. तेव्हा पहिलं म्हणजे जाकीट!

नारायणगावला पुखराजशेठच्या दुकानात गेलो. शेठची तिसरी पिढी इथं. बोलणं असं, की त्यांचे आजोबा राजस्थानातून आले होते हे सांगावं लागतं.

"शेठ, पाण्यात तरंगायचं जाकीट आहे का?"

"गोरखभाऊ, मागितलेली वस्तू न्हाई असं या गादीवरून आजवर कुणी म्हटलं न्हाई!" शेठ स्वतः माळ्यावर चढले, तिकडून शिंकल्याचे आवाज आले, आणि धुळीचा एक लोट खाली उतरला. त्यात दोन नारिंगी जाकिटं होती. "मुंबईच्या बंदरातल्या लिलावातला माल हाय. जहाजावरचा!"

मी एक घालून पाहिलं. त्यात मी आणि शेठ दोघेही मावलो असतो.

"माप मोठं आहे हो."

"बुडणाऱ्यानं माप बघायचं नसतं, राव! आणि ही बघा, संगट शिट्टी फुकट!"

खरंच, प्रत्येक जाकिटाला दोरीनं एकेक शिट्टी बांधलेली होती. संकटात वाजवायची! मी खूश झालो.

पंचमीच्या दुपारी मी होडी भरायला घेतली. बॅटरी, मलमपट्टीची पेटी, पाणी उपसायला तेलाचा डबा, फेकायला ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब. कंपनीतून भंगारात आणलेली लाल बादली, तिच्यावर 'आग' असं लिहिलेलं, आणि तिच्यात काठोकाठ वाळू.

"ही कशापायी?" साळूनं विचारलं.

"आग लागली तर!"

साळूनं चहूकडं पसरलेल्या पाण्याकडं पाहिलं, मग बादलीकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं पाहिलं. नवऱ्याला वेडं म्हणायचं नाही असा तिच्यावर संस्कार आहे.

सगळ्यात महत्त्वाचं साधन म्हणजे अँकर. होडी वाऱ्यानं वाहायला लागली तर तळाशी टाकून तिला थांबवायची जड वस्तू. पुखराजशेठकडं तेवढं मात्र नव्हतं. मग मी गोठ्यामागचा आमचा मोडका लोखंडी नांगर उचलून आणला. जड म्हणजे काय, होडी त्याच्या बाजूला कलली! फक्त त्याला बांधायला दोर आणायचा राहिला होता. मी इकडंतिकडं पाहिलं आणि साळूच्या मांडीवरचं चऱ्हाट घेतलं.

"अहो, ते झोक्याचं हाय!"

"तात्पुरतं गं! बेटावर पोचलो की सोडून देतो." आणि मी एक टोक नांगराला अन् दुसरं टोक होडीच्या पुढच्या आडव्या फळीला बांधलं. गाठीवर गाठ, गाठीवर गाठ. सुरक्षेत काटकसर करायची नसते!

जाकिटावरून मात्र वाजलं. साळूनं नवी हिरवी साडी नेसली होती, गळ्यात होतं नव्हतं ते सगळं घातलं होतं. "माहेरी चाललेय मी! ह्या गोधडीखाली साडी कुनाला दिसंल?"

"तिथं आहे कोण बघायला?"

हे बोलायला नको होतं. तिचा चेहरा उतरला. मी घाईघाईनं म्हटलं, "चिंच बघेल की!" मग तडजोड झाली. जाकीट आत आणि पदर बाहेरून! साळू अशी दिसायला लागली, जणू साडी नेसवलेलं धान्याचं कोठार. पण डोळे लकाकत होते. काठावर गोजरबाई, आमची शेजारीण, लेकींना घेऊन झोक्याकडं चालली होती. "कुठं गं साळे, एवढी नटून?"

"म्हायेरला!" साळूनं सांगितलं. होडीच्या काठावर तिचा हात घट्ट होता.

वल्हवायला मला छान जमलं. निदान दिशा बरोबर होती. बेट जवळ आलं, चिंच मोठी मोठी होत गेली, ती आडवी फांदीसुद्धा दिसायला लागली. साळू बसल्या जागी पुढं झुकली. "तीच! तीच वो फांदी!"

आणि वारा सुटला! श्रावणातला पश्चिमेचा वारा तो. होडीनं तोंड फिरवलं आणि बेट सोडून भलतीकडंच निघाली. मी वल्ही मारतोय, होडी मागं जातेय! "घाबरू नकोस!" मी ओरडलो, कारण मी घाबरलो होतो. "हे संकट मी गृहीत धरलेलं आहे!" आणि दोन्ही हातांनी नांगर उचलला.

"अहो, थांबा! आज पंचमी हाय! पंचमीला नांगर जमिनीत घालत न्हाईत!"

"इथं जमीन कुठं आहे? पाणी आहे!"

"पान्याखाली आमचीच जमीन हाय की!"

पण नांगर हातातून सुटला होता. धप्प! चऱ्हाट सरसर गेलं, होडीला एक गचका बसला आणि ती थांबली. अगदी जागच्या जागी! "बघितलंस? याला म्हणतात सुरक्षा!" मी घाम पुसत म्हणालो. चिंच तिथून हाकेच्या अंतरावर होती.

जरा वेळानं वारा थोडा कमी झाला. मी नांगर वर ओढायला घेतला. येईना! पाय रोवले, दातओठ खाल्ले. येईना! खाली कशात तरी पक्का अडकला होता. मग गाठी सोडायला गेलो. चऱ्हाट भिजून गाठींचा दगड झाला होता. हरकत नाही! मलमपट्टीच्या पेटीत चाकू होता. तो उघडला आणि साळूनं माझं मनगट धरलं.

"पंचमीला चिरायचं-कापायचं न्हाई."

"अगं, ते भाजीचं!"

"सगळ्याचंच. आन झोक्याचा दोर कापतात व्हय कुनी? तवा ठिवला न्हाई घरात सकाळपासनं, आन तुमी चाकू काढता!"

तिचा आवाज असा होता, की मी चाकू मिटला. मग एकच उपाय उरला. मी जाकिटाची शिट्टी तोंडात धरली, छाती भरून घेतली आणि जी काय लांब फुंकली!

जहाजावरचा माल तो! आवाज पाण्यावरून असा गेला, की गावाच्या काठावर काय झालं ते मला सगळं स्पष्ट दिसलं. पिंपळाच्या झोक्यावरून बाया पटापट उतरल्या. हिरव्या-लाल साड्या इकडं तिकडं धावल्या. पोरं उचलली गेली. झोका रिकामाच हेलकावे खात राहिला. आणि मग धडाधड दारं लागल्याचे आवाज आले, आणि पाठोपाठ फटाके!

"आले! आले मदतीला!" मी म्हणालो.

"कोन येतंय? सगळी आत चाललीत!"

मी आणखी जोरात वाजवली. आणखी फटाके! वल्हं उचलून डोक्यावर फिरवलं. शेवटची एक म्हातारी होती, तीही आत गेली.

"अहो," साळू म्हणाली, "तुमीच शिकवलंय न्हवं त्यास्नी?"

माझ्या तोंडातून शिट्टी गळून पडली. कोण वाजवतंय हे बघायला थांबायचं नाही! माझाच नियम! माझ्याच गावानं माझा शब्द इतका मनावर घेतलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि तोही नेमका त्या दिवशी!

मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं वाट पाहिलेली बाई, एक झोका मागितला तिनं, आणि मी तिला नेऊन बसवली कुठं? तर चिंचेच्या अलीकडं, पाण्याच्या मधोमध, वाळूच्या बादलीशेजारी! आणि झोक्याचा दोर धरणाच्या तळाशी.

"साळू, चुकलंच माझं. सगळं आणलं आणि तुझा झोका घालवला."

पाहिलं तर ती डोळे मिटून बसली होती. वाऱ्यानं पुन्हा जोर धरला होता. दोर ताणला जायचा, होडी डावीकडं जायची, थांबायची, मग उजवीकडं यायची. पुन्हा डावीकडं. पुन्हा उजवीकडं. साळूनं दोन्ही हातांनी चऱ्हाट धरलं होतं आणि ती हलकेच पुढंमागं होत होती.

"झोकाच हाय की वो ह्यो," डोळे न उघडता ती म्हणाली. "आन दोर कुठं बांधलाय बघा. पार आमच्या मळ्यात!"

मग ती गुणगुणायला लागली. पंचमीचं काहीतरी, बायका झोक्यावर म्हणतात तसलं. इतक्या वर्षांत मी तिला गाताना ऐकलं नव्हतं. मध्येच थांबून ती बोट करायची. "हितं घर. दार उगवतीला. थितं गोठा. ह्ये तांबूस पानी दिसतंय न्हवं, हितं आयची तुळस व्हती. दादा झोका द्यायचा, तर पाय त्या नारायनगडाला लागतील असं वाटायचं." मला पाणीच दिसत होतं, पण मी मान डोलावत होतो. तिनं डबा उघडून मला दिंडं दिली, तूप घालून. "खावा मुराळी. आमच्याकडं आलेल्या मानसाला उपाशी धाडत न्हाईत."

मी खाल्ली.

ऊन उतरलं, वारा पडला, पाणी तांबडं झालं. साळूनं डोळे पुसले, पदर सारखा केला आणि एकदम म्हणाली, "चला आता. वल्हवा. पर मागं न्हाई, म्होरं घ्या. चिंचेच्या अंगाला."

"अगं, नांगर अडकलाय..."

"विहिरीच्या कडेला अडकलाय त्यो. चिंच आन गडाचं टोक एका रेघंत आलं, की खाली आमची विहीर. इकडनं वडून जलमात निघायचा न्हाई. त्या अंगानं वडा."

मी होडी पुढं घेतली, पलीकडून ओढलं आणि नांगर जाळ्यातून ससा सुटावा तसा सुटून वर आला! फाळाला ओंजळभर काळा चिखल चिकटलेला.

मी तिच्याकडं बघतच राहिलो. "तुला ठाऊक होतं?"

"तुमी टाकला तवाच."

"मग इतका वेळ बोलली का नाहीस?"

"म्हायेरी आलेली लेक पानी पिऊन लगेच उठती व्हय?"

"बरं, मग आता चिंचेखाली जाऊ? अजून उजेड आहे."

तिनं चिंचेकडं पाहिलं, बराच वेळ. "नगं," ती म्हणाली. "झालं की." मग तिनं माझी बादली उचलली, वाळू सगळी पाण्यात ओतून दिली आणि फाळाचा चिखल निपटून 'आग' लिहिलेल्या त्या बादलीत ठेवला. ते साधन पहिल्यांदाच कामी येत होतं.

काठाला लागलो तर गावात चिटपाखरू नाही. गोजरबाईचं दार ठोठावलं.

"कोन हाय?"

"मी गोरख!"

"बिबट्या गेला का?"

"बिबट्या नव्हता हो! मी होतो!"

कडी निघाली. मग शेजारची निघाली. मग सगळी आळी. प्रत्येक दारातून नव्या साडीतली एकेक माहेरवाशीण बाहेर आली, भर पंचमीची अख्खी दुपार खताच्या पोत्यांवर बसून घामाघूम झालेली! त्यांच्या नजरा बघितल्यावर मला वाटलं, बिबट्याच असतो तर बरं झालं असतं.

"लेकी वरसातनं एकदा येत्यात आमच्या!" गोजरबाई कडाडली. "एकीनं दोन हेलकावं घेतलं न्हाईत, का तुजी शिट्टी! गावात एका बाईला झोका मिळाला न्हाई आज!"

मी खाली मान घातली. गोजरबाईची नजर माझ्या मागं गेली. तिथं साळू उभी होती, पदराखाली फुगलेलं जाकीट, हातात लाल बादली, आणि चेहरा असा, की गोजरबाईचा आवाजच खाली आला.

"तुजी गं कुठं झाली पंचमी, साळे?"

"म्हायेरी," साळू म्हणाली.

त्या बादलीत आता तुळस आहे. मागच्या दारी ठेवलीय, चिंच दिसते तिथं. आणि दर पंचमीच्या आदल्या दिवशी गोजरबाई आमच्या ओसरीवर येते, हात पुढं करते, आणि सुरक्षा सप्ताहात प्रथम क्रमांक मिळवलेला मी मुकाट्यानं शिट्टी काढून तिच्या हातावर ठेवतो. तेवढ्यात आतून साळू ओरडते, "अहो मुराळी, नांगर घेतला का?"